दमा : उबळीची रात्र आणि उपचाराचे दिवस

नाताळापूर्वीच्या आठवड्यातील एक रात्र आम्हांस विसरू म्हटल्या विसरता येत नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगास, घाटमाथ्याच्या रानात वसलेल्या आमच्या धर्मग्रामात त्या दिवसांत भाताची मळणी चालू होती. पहाटे दोनच्या सुमारास आमच्या बंगल्याचे दार कोणी जोरजोराने ठोठावले. दारात शेजारच्या वाडीतील एका शेतकऱ्याचा थोरला मुलगा उभा होता. "फादर, आईला श्वासच घेता येईना, जीप काढा," एवढेच तो बोलला.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती माउली खाटेच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसली होती. मानेच्या शिरा ताठल्या होत्या आणि ओठांवर निळसर छटा आली होती. काही विचारले तर एक शब्द उच्चारून ती थांबे, मग दुसरा. सायंकाळपासून तिच्या छातीत चाललेली सूंसूं घरच्यांना ऐकू येत होती. आता ती थांबली होती, आणि म्हणून थोडे बरे वाटू लागले असावे अशी त्यांची समजूत झाली होती. वस्तुतः ते सर्वांत वाईट चिन्ह होते. श्वासनलिका इतक्या आवळल्या होत्या की आवाज होण्याइतकीही हवा त्यांतून वाहत नव्हती.

दीड तासाने आम्ही बेळगावच्या एका मोठ्या इस्पितळात पोहोचलो. तेथे तीस नाकातोंडावर मुखवटा लावून ऑक्सिजन दिला. नेब्युलायझर नावाच्या यंत्रातून श्वासनलिका सैल करणाऱ्या दोन औषधांचा फवारा पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी दिला. स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, आणि एवढ्याने भागेना तेव्हा शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट सोडले. उजाडेपर्यंत ती उशीला टेकून बसली व चहा मागू लागली. तिच्या यजमानांनी हात जोडले. आम्हीही देवाचे आभार मानून परतण्याची तयारी करू लागलो.

तेव्हा ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "यांचा पंप कुठे आहे?"

यजमान खाली पाहू लागले. मागच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी पंप दिला होता. दोन महिने वापरला, बरे वाटले, आणि बंद केला. पंपाची सवय लागते असे शेजारीपाजारी म्हणाले होते. त्यातच धाकट्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली होती. घरात पंप दिसला तर पाहुणे काय म्हणतील, म्हणून तो फडताळात कपड्यांच्या घडीखाली गेला होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या आम्हांस म्हणाल्या, "फादर, आज आम्ही उबळ शमविली, रोग आहे तसाच आहे. आठवड्याच्या आत मावशींना छातीच्या विभागात आणा. रात्री येणाऱ्यांपैकी पुष्कळजण पुन्हा दिवसा येतच नाहीत."

खरे सांगायचे तर आम्हीही त्याच पुष्कळांपैकी होतो. उबळ ओसरली म्हणजे इस्पितळाचे काम संपले, अशीच आमची समजूत होती. ती चूक होती. आठवड्याच्या आत आम्ही त्या कुटुंबासह पुन्हा बेळगावास गेलो. तेथे जे पाहिले व ऐकले ते आमच्या वाचकांपुढे मांडावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

दमा म्हणजे काय?

नाकातोंडाने घेतलेली हवा फुप्फुसात पोहोचते ती झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटत जाणाऱ्या नलिकांतून. दमेकऱ्याच्या या नलिकांना आतून कायमची सूज असते. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या दिवसांतही ती सूज असतेच. मग धूळ, धूर, थंड हवा, सर्दीपडसे, भिंतीवरील बुरशी, क्वचित नुसते मोठ्याने हसणेदेखील निमित्त होते. नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतील अस्तर फुगते, चिकट कफ साचतो, आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे कठीण होऊन बसते. ही उबळ. सूज हा रोग आहे व उबळ हा त्याचा परिणाम आहे, हा भेद ज्याला समजला त्याला दम्याचा अर्धा उपचार समजला.

हा रोग संसर्गजन्य नाही. क्षयाप्रमाणे तो एकाचा दुसऱ्यास लागत नाही. घराण्यात त्याकडे कल असू शकतो. परंतु आईला दमा आहे म्हणून मुलीला होईलच असेही नाही.

छातीच्या विभागात

इस्पितळातील तातडीचा विभाग आणि छातीच्या रोगांचा विभाग यांत पुष्कळ अंतर आहे. पहिल्यात धावपळ असते. दुसऱ्यात प्रश्न असतात. तेथील तज्ज्ञांनी प्रथम छातीला नळी लावलीच नाही. ते विचारत राहिले. खोकला रात्री अधिक येतो की दिवसा? पहाटे श्वासाने जाग येते काय? आठवड्यातून किती वेळा? चूल लाकडाची आहे की गॅस? मळणीच्या वेळी त्रास वाढतो काय? घरात कोणी विडी ओढते काय? लहानपणी अंगावर इसब होते काय? दुखण्यावर कोणती गोळी घेता? आई दहा मिनिटे उत्तरे देत होती आणि यजमान थक्क होऊन ऐकत होते. पंचवीस वर्षांच्या संसारात आपली बायको रोज पहाटे चारला उठून खिडकीशी बसते, हे त्यांस तेव्हा प्रथम कळले.

हे प्रश्न व्यर्थ नसतात. धाप लागणारा प्रत्येकजण दमेकरी नसतो. जन्मभर चुलीपुढे धूर गिळलेल्या स्त्रियांना व विडी ओढणाऱ्या पुरुषांना फुप्फुसाचा दुसरा एक जुनाट रोग होतो. त्यात नलिका कायमच्या अरुंद होतात. हृदय दुबळे झाले तरी रात्री धाप लागते. क्षयातही खोकला असतो. या सर्वांवर एकच औषध देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. म्हणून तज्ज्ञ लागतो.

त्यानंतर फुंकण्याची परीक्षा झाली. तीस स्पायरोमेट्री म्हणतात. फुप्फुसातील हवा मोजण्याचे हे यंत्र नवे नव्हे. लंडनचे शल्यवैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांहून अधिक माणसांवर केलेली अशी मोजमापे प्रसिद्ध केली होती. नाकाला चिमटा लावतात, खोल श्वास घ्यावयास सांगतात, आणि मग नळीतून सर्व बळ एकवटून फुंकावयाचे. शेजारी उभा असलेला तंत्रज्ञ "फुंका, फुंका, अजून, अजून" असे ओरडत होता, तेव्हा आमच्या माउलीस हसू आवरेना, आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली हे यंत्र लिहून घेते. नंतर पंपाचे औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकावयास लावतात. या दुसऱ्या खेपेस ती हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरनी वाढली, तर आवळलेल्या नलिका औषधाने सैल होतात हे सिद्ध होते. मोठ्या माणसांच्या दम्याची ती एक ठळक खूण होय. तथापि बऱ्या दिवशी ही परीक्षा निर्दोषही येऊ शकते. म्हणून एका कागदावरून दमा नाही असे कोणी समजू नये.

घरी नेण्यासाठी तिला एक लहानशी नळी दिली. तिला पीक फ्लो मीटर म्हणतात. तिचा मूळ नमुना इंग्लंडात १९५९ साली पुढे आला. सकाळ-संध्याकाळ तीत फुंकून आकडा वहीत लिहावयाचा. उबळ येण्यापूर्वी एकदोन दिवस हा आकडा पुष्कळदा घसरू लागतो, आणि माणूस वेळीच सावध होतो.

पंपाची भीती

आता पंपाविषयी, कारण आमच्या गावांतून सर्वांत अधिक गैरसमज याच वस्तूविषयी आहेत.

या पंपाचा जन्म एका मुलीच्या प्रश्नातून झाला. १९५५ साली अमेरिकेत राइकर लॅबोरेटरीज या औषधकंपनीच्या अध्यक्षांची तेरा वर्षांची मुलगी दम्याने आजारी असे. त्या काळी काचेच्या फुग्यातून औषध हुंगावे लागे. तो फुटे, गळे, आणि मात्रा कधी नेमकी नसे. केसांना लावण्याच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का भरत नाहीत, असे तिने वडिलांना विचारले. वडील जॉर्ज मेसन यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, नेमकी मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला.

पंपाचे औषध 'जोरदार' असते ही समजूत तर पूर्णपणे उलटी आहे. श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे एका गोळीत पंपाच्या चाळीस दाबांइतके औषध भरलेले असते! गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्वांगात जाते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध जेथे रोग आहे तेथेच पोहोचते. स्टेरॉइडचेही तसेच. आमच्या आठवडी बाजारातील दुकानातून चिठ्ठीवाचून ज्या पांढऱ्या गोळ्या "दम्यावर रामबाण" म्हणून मिळतात, त्या पुष्कळदा स्टेरॉइडच्याच असतात. मोठ्या उबळीत डॉक्टरांनी पाच-सात दिवस दिल्या तर त्या प्राण वाचवितात; मनाने वर्षानुवर्षे घेतल्या तर मधुमेह, मोतीबिंदू आणि हाडांचा ठिसूळपणा पदरी येतो. श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडची मात्रा त्या मानाने फारच अल्प असते. त्यानंतर चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंडात पांढरा चट्टा येत नाही.

दम्याची औषधे दोन प्रकारची. एक नलिका तात्पुरत्या सैल करते. तिने पाच मिनिटांत आराम पडतो. दुसरे नलिकांची सूज हळूहळू उतरविते. त्याचा प्रत्यय यावयास दिवस व आठवडे लागतात. आराम लगेच मिळतो म्हणून लोक पहिल्याला चिकटतात आणि दुसरे टाकून देतात. परंतु सूज तशीच ठेवून केवळ स्नायू सैल करीत राहणे धोक्याचे आहे. म्हणूनच २०१९ साली दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने सांगितले की, प्रौढांना व बारा वर्षांवरील मुलांना केवळ सैल करणाऱ्या औषधावर ठेवू नये. सूज उतरविणारे औषध प्रत्येकाच्या उपचारात असलेच पाहिजे. कोणता पंप रोजचा व कोणता उबळीचा, हे रंगावरून ठरवू नये. कंपनीगणिक रंग बदलतात. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

आणि पंप वापरावयास शिकावे लागते! छातीच्या विभागात एका सिस्टरबाईंनी आमच्या माउलीस पंप दाबून दाखवावयास सांगितले. तिने तोंडापुढे धरून दाबला. अर्धे औषध जिभेवर आणि अर्धे हवेत गेले. दोन महिने ती असाच वापरीत होती. सिस्टरबाईंनी पद्धत दाखविली. पंप हलवावा. श्वास पूर्ण सोडावा. ओठांनी तोंड घट्ट मिटून दाबावा व त्याच क्षणी संथ, खोल श्वास घ्यावा. दहा अंक मोजेपर्यंत तो रोखावा. मुलांना व वृद्धांना हे जमत नसेल, तर पंपाला स्पेसर नावाचा पोकळ डबा जोडतात. तोही घेणे परवडत नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घेऊन तिच्या बुडाला पंपाचे तोंड घट्ट बसेल असे भोक पाडले, तरी ती मुलांच्या उबळीत विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते, असे केप टाउन येथील डॉक्टरांनी १९९९ साली प्रयोगाने दाखविले आहे. मात्र बाटली कशी तयार करावी हे इस्पितळातच शिकून घ्यावे.

गरोदर भगिनींनी तर पंप मुळीच सोडू नये. पंपापेक्षा आईचा कोंडलेला श्वास पोटातील बाळास अधिक घातक असतो.

आपण मागे का?

२०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार पृथ्वीवर सुमारे २६ कोटी लोक दमेकरी होते आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक लोक दम्याने दगावले. त्यांपैकी भारतात सुमारे साडेतीन कोटी, म्हणजे जगातील शंभरांपैकी तेरा. परंतु मृत्यूंपैकी शंभरात चाळीसहून अधिक आपल्या देशातील! वाचकहो, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. आपला दमा इतरांहून क्रूर नाही; आपण डॉक्टरांकडे उशिरा जातो, औषध लवकर सोडतो, आणि पंप लपवितो.

हे बदलू शकते याला उदाहरण आहे. फिनलंड हा उत्तर युरोपातील थंड प्रदेशाचा छोटा देश. तेथे १९९४ ते २००४ अशी दहा वर्षांची दम्याची मोहीम आखली गेली. मोठी नवी इस्पितळे बांधणे हा तिचा गाभा नव्हता. गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत दम्यासाठी एक डॉक्टर व एक परिचारिका नेमून दिली, औषधविक्रेत्यांना पंप शिकविण्याचे शिक्षण दिले, सूज उतरविणारे औषध आरंभापासून दिले, आणि रोग्याला स्वतःच्या रोगाची वही दिली. १९९३ साली तेथील दमेकऱ्यांनी इस्पितळात मिळून १,१०,००० दिवस काढले होते. २००३ साली ते ५१,००० वर आले. तज्ज्ञांचे ज्ञान घराघरांत पोहोचले आणि इस्पितळातील खाटा रिकाम्या राहिल्या.

एवढे करूनही शंभरांतील काही थोड्या रोग्यांचा दमा हटत नाही. त्यांच्यासाठी आता नव्या प्रकारची इंजेक्शने निघाली आहेत. ओमॅलिझुमॅब हे त्यांतील पहिले, २००३ साली अमेरिकेत मान्य झालेले. रक्त तपासून, योग्य त्याच रोग्याला, दोन वा चार आठवड्यांनी ती देतात. ती फार महाग आहेत. परंतु तज्ज्ञ प्रथम हेच पाहतो की, रोगी साधा पंप नीट व नियमित घेतो काय. कारण 'न हटणारा' म्हणून आलेला दमा पुष्कळदा तेवढ्यानेच हटतो. साधे पंप राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. सरकारी दवाखान्यात त्यांची चौकशी अवश्य करावी.

घरात आणि देवालयात

आमचे हैदराबादचे वाचक जाणतात की, दर वर्षी जूनमध्ये मृग नक्षत्राच्या आरंभी तेथे बथिनी कुटुंब पिवळ्या औषधाचा लगदा तोंडात घातलेला जिवंत छोटा मासा हजारो दमेकऱ्यांना गिळावयास देते, आणि त्याचे मोल घेत नाही. दूरदूरचे लोक रांगा लावतात. त्यांच्या सेवाभावाविषयी आम्हांस काही बोलावयाचे नाही. परंतु या उपायाने दमा बरा होतो असे शास्त्रीय परीक्षेत सिद्ध झालेले नाही. ज्यांस जावयाचे ते जातील. त्यांना आमची एकच कळकळीची विनंती आहे, की त्यापायी पंप बंद करू नये.

घरात करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी सोय करावी. मळणी-उफणणीच्या वेळी दमेकऱ्याने दूर राहावे, अथवा नाकातोंडाला फडके बांधावे. वाकळा-उशांना वरचेवर कडक ऊन दाखवावे. पावसाळ्यात ओल्या भिंतीशी अंथरूण घालू नये. घरात विडी ओढू नये. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील, ग्लानी येत असेल, तर रोग्याला आडवे न करता बसते ठेवावे, डॉक्टरांनी सांगितलेला उबळीचा पंप द्यावा, आणि सकाळची वाट न पाहता गाडी काढावी. वाटेत दर वीस मिनिटांनी चार ते दहा दाब, एका वेळी एक, स्पेसरमधून देता येतात. औषधांचा कागद व वही बरोबर न्यावी.

आणि एक गोष्ट आमच्या स्वतःच्या पदरात घालून घ्यावयाची. छातीच्या विभागातील त्या प्रश्नांत एक प्रश्न असाही होता, की धुपाच्या वासाने त्रास होतो काय? माउली आमच्याकडे पाहून गप्प राहिली. तेव्हा आम्हांस आठवले की सणाच्या मोठ्या मिस्साच्या वेळी ती नेहमी मध्येच उठून बाहेर जात असे, आणि आमच्या मनात तिच्या भक्तीविषयी किंतु येत असे. धुपाटणे आमच्याच हातात होते! आता आम्ही धूप बेताने घालतो, खिडक्या उघड्या ठेवतो, आणि दाराजवळचे दोन बाक दमेकऱ्यांसाठी राखतो.

सहा महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, माउलीची पुन्हा फुंकण्याची परीक्षा झाली. आकडा पुष्कळ वर गेला होता. त्याहीपेक्षा, पहाटे चारला ती आता झोपलेली असते असे यजमानांनी डॉक्टरांना आपण होऊन सांगितले. मधल्या काळात मुलीच्या सोयरिकीची बैठक झाली. पंप फडताळावर सर्वांना दिसेल असा ठेवला होता. पाहुण्यांनी विचारले, हिने सांगितले. तेव्हा वराच्या आईने आपल्या पिशवीतून स्वतःचा पंप काढून दाखविला आणि तो नीट कसा दाबतात ते विचारले.